ब्लूजचा ब्लाऊज जाहला, ते समयीची हकीकत

वाचणाऱ्या सुज्ञ मंडळींस आणि ऐकणाऱ्या त्याहून सुज्ञ बायांस बहुत आदरें जाहीर व्हावे जे, वऱ्हाड प्रांती माती काळी, कापूस पांढरा आणि संत्री नारंगी, हे तीन रंग पुरातन काळापासून चालत आले. चौथा निळा रंग गाण्यात कोणे प्रकारे दाखल जाहला, त्यापायी कोणाचे गळे बसले आणि अकोले मुक्कामी केवढे रण माजले, हा मजकूर आजवर कोणी लिहून ठेविला नाही. थोरामोठ्यांच्या लढाया लिहिणारे बहुत. गिटार आणि शिवणयंत्र यांची लढाई लिहिणारे कोणी मिळेना. सबब ही हकीकत जैसी घडली तैसी मांडिली आहे. तिखटमीठ आपापल्या चवीने घालावे, थोडे आधीच घातलेले आहे.

तर अमरावती शहरी सरकी नामें एक बँड नांदत होता. बँड म्हणजे वरातीपुढे लाल डगले घालून पितळी भोंगे फुंकणारा तो नव्हे. तोही फार गोड होता, त्याच्या भोंग्यांत उन्हाळ्याच्या दुपारी पोरे लिंबू चोखून दाखवीत आणि वाजवणाऱ्यांच्या तोंडास पाणी सुटून सूर वाहून जात, तो काळ गेला. हा बँड विजेवर चालणारा. यात गळ्याच्या सरदार खासा नीलमबाई, त्यांचे मावसबंधू गिटारबहाद्दर नागसेनजी, ढोलांचे सुभेदार शिवमराव, आणि मंद्र तारांच्या किल्लेदार प्रणालीबाई, ज्या सबंध मोहिमेत एक शब्द बोलल्या नाहीत आणि एक सूर चुकल्या नाहीत, सबब त्यांचा उल्लेख येथेच पुरा केला.

हे लोक ब्लूज गात. ब्लूज म्हणजे ऐसे जे, सातासमुद्रापलीकडे कापूस वेचणाऱ्या काळ्या रयतेने आपले दुःख तीन ओळींत मांडिले. पहिली ओळ दोनदा म्हणावी, कारण दुःख एकदा सांगून कोणी ऐकत नाही, आणि मग तिसऱ्या ओळीत उलगडा करावा. त्यात विजेची गिटार आणि ढोल मिळविले म्हणजे रॉक जाहले. नागसेनजींची मसलत ऐसी की, जिथे कापूस तिथे ब्लूज, तर मग वऱ्हाडानेच काय घोडे मारिले आहे? सवाल बिनतोड होता. जबाब देण्यास मात्र ऐकणारे लागतात, आणि ते मिळत नव्हते.

अशा समयी ईशान्येकडील डोंगरमुलखी ब्लूजचा थोर मेळा भरतो, त्या दरबाराकडून फर्मान सुटले की, ज्या बँडास आमचे मंचावर यावयाचे असेल त्याने आपल्या मैफलीचा एक व्हिडीओ पाठवावा. तो भर सभेपुढे घेतलेला असावा, आरंभापासून अखेरपर्यंत कोठेही तोडजोड नसावी, आणि सभा गाण्यात सामील जाहलेली दिसावी. नुसत्या खुर्च्या दाखवू नयेत. हे शेवटले कलम वाचून शिवमराव म्हणाले, "यायले आपल्या खुर्च्याइची गोठ कोणं सांगतली बे?"

पहिली मोहीम राजापेठेत एका ट्यूशन क्लासाच्या गच्चीवर जाहली. विद्यार्थी फौज रांगेने बसविली, गाणे रंगास आले, इतक्यात खालून तमाम दुचाक्यांनी एकदम हॉर्न मारिले, आणि ते थांबतात तोच पहिल्या रांगेतील एका पोट्ट्याने हात वर करून पुसिले, "सर, हे पेपरात येते काय?" ते व्हिडीओत स्वच्छ उमटले. दुसरी मोहीम मोर्शीस संत्र्याच्या बागेत, सायंकाळचे समयी. मध्यावर वीज गेली. गिटार मेली, माईक मेला, ढोलास वीज लागत नाही म्हणोन शिवमराव एकटेच अंधारात शर्थीने लढत राहिले, आणि व्हिडीओत काळ्या पडद्यावर धडधड आणि कोणाचा तरी आवाज, "लाईन गेली वाटते." पराभव दोन्ही पुरे जाहले.

मग नीलमबाईंच्या मातोश्री सुंदराबाई यांनी हुकूम फर्माविला. बाईंचे शिवणकामाचे ठाणे बडनेरा रस्त्यास, तेथे ब्लाऊज शिवून त्यांनी लेकीस बी.एस्सी. केले होते, सबब त्यांच्या हुकुमास वजन होते. हुकूम ऐसा: "हे तिसरं. झालं तं झालं. नाई तं गिटार माळ्यावर, न् तू राजापेठीत क्लासले. सरकारी परीक्षा दे न् गपचूप नोकरीले लाग. मले गाण्याचं वावडं नाई, पोरी, मले तुह्या उपाशी राह्याचं भेव हाय." आणि तिसरी मोहीम निर्मळपणे हरते की नाही हे जातीने पाहण्यास आपण खुद्द येऊ, ऐसेही कळविले. इकडे शिवमरावांस पुण्यास नोकरी लागोन त्यांची गाडी त्याच सायंकाळी अकोल्याहून सुटणार होती, आणि मेळ्याची मुदतही त्याच दिवशी सरत होती. एक गाणे, एक वेळ, दुसरी संधी नाही. नीलमबाईंचा पुरता जीव त्या एका व्हिडीओत अडकला.

व्हिडीओची कामगिरी किशोररावांकडे. हे मूळचे अकोल्याचे, लग्नांच्या शूटिंगमध्ये नामांकित. नवरी दिसली की तिजवर गुलाबपाकळ्यांचा पाऊस पाडणे आणि नवरा दिसला की त्यास हृदयाच्या आकारात बसविणे, हे दोन हात त्यांचे प्रसिद्ध. त्यांनी अकोल्यास मोर्णा नदीचे अलीकडे एक मंगल कार्यालय ओळखीत मोकळे मिळविले आणि सभा गोळा करण्यास फलक छापण्याची तजवीज फोनवर केली. फोन भर चौकात, चौकात ऑटो, ऑटोत गाणे. किशोरराव म्हणाले, ब्लूज. छापणारा म्हणाला, काय? किशोरराव ओरडले, ब्लूज, ब्लूज! छापणारा विचारी गृहस्थ. त्याने मनाशी खल केला की ब्लूज ऐसा शब्दच नाही, पोरगा घाईत बोलला, आपण शुद्ध करून छापावा. आणि त्याने शुद्ध केला. वर जागा उरली म्हणोन पदरचे एक वाक्य घातले. फलक उभा राहिला तो येणेप्रमाणे: "सरकी, अमरावती यांचा भव्य लाइव्ह ब्लाऊज कार्यक्रम. प्रवेश मोफत. माताभगिनींनी संधी सोडू नये."

मग शुभ दिवस पाहून, म्हणजे गाडी रिकामी होती तो रविवार पाहून, फौजेने अमरावतीहून कूच केले. लग्नाच्या शूटिंगची गाडी, मागे ढोल, ढोलांत नागसेनजी, आणि पुढच्या मानाच्या जागी सुंदराबाई मांडीवर पर्स ठेवून. बडनेरा मागे टाकिले, मूर्तिजापूर आले. येथे एके काळी शकुंतला गाडी झुकझुकत येई, धावत्या गाडीतून उतरून माणसे बोरे वेचीत आणि पुन्हा चढत. आता धावत्या गाडीतून कोणी काही वेचीत नाही. मूर्तिजापुरास चहा जाहला, तेथे नागसेनजी धीर देत म्हणाले, "मावशी, आज पाहाच तुमी. अकोल्याचं पब्लिक भल्लं दर्दी हाय." सुंदराबाई बशीत फुंकर घालीत म्हणाल्या, "राजापेठीच्या वक्ती बी हेच म्हणे तू."

फौज मंगल कार्यालयी मागल्या दाराने दाखल जाहली, कारण ढोल पुढल्या दाराने मावेनात. सबब फलक कोणीच पाहिला नाही. पडदा किंचित सारून बघतात तो काय, सभा तुडुंब भरली! आणि तीही बहुतेक बायांची. पोरी, सुना, सासवा, विहिणी, सगळ्यांच्या मांडीवर कापडी पिशव्या, आणि पिशव्यांतून साड्यांचे पदर डोकावताहेत. शिवमरावांचे डोळे भरोन आले. म्हणाले, "ब्लूजले इतक्या बाया? अकोलं सुधरलं गड्या!" नीलमबाईंस हर्ष मावेना. सुंदराबाई तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या आणि प्रथमच थोड्या चिंतेत पडल्या की, ही मोहीम जिंकते की काय.

येथे ब्लाऊजच्या राज्यांविषयी दोन शब्द लिहिणे जरूर. आधी चोळीचे राज्य होते. तीस पुढे गाठ होती, गाठीस टेलर लागत नसे आणि भांडण नसे. मग ब्लाऊज आला, बाह्या कोपरापर्यंत. मग फुग्याच्या बाह्या आल्या, त्यांत पायलीभर गहू मावले असते. मग बाह्या गेल्या, त्यामागोमाग पाठ गेली, पाठीच्या जागी नाडी आली आणि नाडीस लटकन आले. आता पुन्हा कोपरापर्यंत बाह्या आल्या आहेत आणि पोरी म्हणतात ही नवी फॅशन. राज्ये आली आणि गेली. टेलर तेवढा तोच, सोमवारी या म्हणतो.

असो. पडदा उघडला. किशोररावांनी कॅमेरा सुरू केला आणि खूण केली. नागसेनजींनी माईक हाती घेऊन "जयभीम! नमस्कार अकोला!" ऐसा पुकारा केला. सभेतून जबाब आला, "जयभीम, नमस्कार! कापड कुठी मांडलं, भाऊ?" नागसेनजींस वाटले, अकोल्याचा काही विनोद असावा. हसले आणि तारेस हात घातला.

नीलमबाईंनी स्वतः रचिलेले इंग्रजी गाणे आरंभिले. आवाज खोल, जुन्या विहिरीत बादली उतरावी तैसा. बाया घटकाभर सभ्यपणे ऐकत राहिल्या, जसे नातेवाइकांच्या लग्नाची सीडी पाहताना ऐकतात. पहिली ओळ सरली. नियमाप्रमाणे तीच ओळ दुसऱ्यांदा आली, त्यासरशी पहिल्या रांगेतून माणिकबाई बोलल्या. या बाई बचत गटाच्या अध्यक्ष, त्यांच्या एका हाकेवर तीन गल्ल्या उठत, आणि त्यांच्या भाच्याचे लग्न आठवड्यावर आले होते. त्या म्हणाल्या, "हे तं आत्ताच म्हणलं वं तू! पुढचं येत नाई काय?" सभा हसली. मग दुसरी म्हणाली, गाणे मंग लाव, पयले माल दाखव. तिसरी म्हणाली, चला वं, फसोलं आपल्याले. आणि माणिकबाई पिशवी सावरून उठल्या. त्या उठल्या म्हणोन त्यांची रांग उठली, ती उठली म्हणोन मागली उठली, खुर्च्यांचा खडखडाट जाहला, आणि सबंध फौज दाराकडे वळली.

इकडे मंचावर हाहाकार. शिवमरावांचा हात ढिला पडला. किशोरराव कॅमेऱ्याआडून हलक्या आवाजाने विनवू लागले, "ताई, थांबू नको, चालू हाय, चालूच हाय!" नीलमबाईंनी पाहिले, दार भरोन बाया निघाल्या, तिसऱ्या रांगेत माय तेवढी बसून आहे, आणि तिच्या तोंडावर विजयाचा आनंद म्हणावा तर तो नाही. ती पदराने कपाळ पुसते आहे. ते पाहून नीलमबाईंच्या तोंडचे इंग्रजी गळून गेले आणि पोटात होते ते वर आले.

"काहून उठून राहिल्या वं बाया, काहून?
काहून उठून राहिल्या वं बाया, काहून?"

माणिकबाई दारातून गर्रकन फिरल्या आणि गर्जल्या, "बोर्डावर ब्लाऊज लिहेल हाय, ब्लाऊज कुठी हाय वं?"

आणि हा जबाब बरोबर तिसऱ्या ओळीच्या जागी, बरोबर समेवर येऊन पडला. शिवमरावांचा हात आपोआप ढोलावर आदळला. नागसेनजींच्या गिटारीने माणिकबाईंचाच हेल उचलिला आणि तारेवर ओढून म्हटले, कुठी हाय वं, कुठी हाय वं. माणिकबाई थक्क. म्हणाल्या, "बाप्पा, हे पेटी माह्यासारखी बोलते!" सभेत हशा उसळला, उठलेल्या बाया उंबऱ्यावर थबकल्या.

नीलमबाईंस फलकाचा घोटाळा एका क्षणात उमगला. टेलरच्या लेक त्या. शिवणयंत्राच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांच्या कुरबुरी ऐकतच लहानाच्या मोठ्या जाहल्या होत्या. दारूगोळा पुष्कळ होता.

"ब्लाऊज टेलरपाशी हाय वं माय, टेलरपाशी,
ब्लाऊज टेलरपाशी हाय वं माय, टेलरपाशी,
सोमवारी देतो म्हणे, पण सोमवार कोणता वं?"

"कोणता वं!" ऐसी आरोळी उठली की कार्यालयाच्या पत्र्यांवरील कबुतरे उडाली. मग काय विचारता! वर्षानुवर्षे कोंडलेल्या तक्रारींस वाट फुटली. एक उठून म्हणाली, "माहा हळदीचा ब्लाऊज बारशाले देल्ला!" दुसरी म्हणाली, "हात वर केला का काख फाटते!" तिसरी म्हणाली, "उरेल कापड कुठी जाते वं?" सभा एकमुखे म्हणाली, "टेलरच्या पोरीच्या फ्रॉकात!" आणि प्रत्येक वाक्य गिटारीने झेलावे, ढोलाने ठोकावे, नीलमबाईंनी दोनदा म्हणावे, ऐसी रीत आपोआप लागली. गेलेल्या बाया परत आल्या, खुर्च्यांवर न बसता खुर्च्या वाजवू लागल्या. फ्रॉकाची गोष्ट निघताच नीलमबाईंनी हात जोडून गाइले, "ते फ्रॉक मीच घातले वं माय, मीच घातले," आणि हास्याचा कडेलोट जाहला.

तेव्हा तिसऱ्या रांगेत हालचाल जाहली. सुंदराबाई पर्स खुर्चीवर ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भल्लं झालं आता! टेलरचं बी आयका!"

माणिकबाईंनी पुसिले, "तू कोण वं?"

"मी टेलर हाय."

गनिमाचा खासा सरदार आपल्याच छावणीत बसला होता, ही बातमी नव्याने कळावी तैसे जाहले. सुंदराबाई कंबरेवर हात ठेवून बोलू लागल्या, आणि यंत्राच्या पायट्यावर आयुष्य गेले असल्याने बोलणे तालाबाहेर जाईना. "माप देतानी पोट आत काहून ओढता वं? श्वास धरून माप देता, श्वास सोडून घालता, मंग तंग नाई होईन तं काय होईन? वरात दारी आली का कापड काहून आणता? बाही सिनेमातल्या बाईसारखी पायजे म्हणता, दंड तिचे हाय काय?"

अर्धी सभा फितूर होऊन सुंदराबाईंकडे आली. माणिकबाई मात्र कसलेल्या, त्यांनी मोर्चा सोडिला नाही. म्हणाल्या, "दंड तं वाढतेच, बाई! शिवणीत माया काहून ठेवत नाई?" माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले ज्यादा कापड. बाहेरून ते दिसत नाही, पण अंग भरले की उसवून ब्लाऊज मोठा करता यावा म्हणोन टेलर लोक ते सोडतात. हा वार वर्मी लागला. सुंदराबाईंचा आवाज चढला. "ठेवते! साऱ्याइच्या ठेवते! माह्या हातच्या ब्लाऊजात माया नाई असं म्हणून दाखव!"

यावर नीलमबाईंनी हात वर केला. ढोल थांबले. गिटारीची एकच तार वाजत राहिली. आणि त्या मातोश्रींकडे पाहून हलक्या गळ्याने गाऊ लागल्या.

"साऱ्याइच्या शिवणीत माया ठेवते माय, साऱ्याइच्या,
साऱ्याइच्या शिवणीत माया ठेवते माय, साऱ्याइच्या,
मी बी वाढून राहिली वं, माह्या शिवणीत काहून नाई?"

माणिकबाईंनी पिशवी छातीशी धरली. नागसेनजी तीच तार वाजवीत राहिले. मग सुंदराबाईंनी चष्मा काढिला, पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या. म्हणाल्या म्हणजे गाइल्याच, सभेपुढे जन्मात पहिल्यांदा.

"हाय वं पोरी, आतून हाय...
हाय वं पोरी, आतून हाय...
उसवून पाह्य नं, बह्याडे!"

पहिली ओळ त्याही दोनदा म्हणाल्या. दुःखच दोनदा म्हणावे ऐसा काही कायदा नाही.

मग जे जाहले ते लिहिण्यास लेखणी अपुरी. शिवमरावांनी ढोलांवर सुलतानढवा केला. नागसेनजी गिटार घेऊन मंचाखाली उतरले आणि ऐसे काही वाजविले की एक तार तुटली, तरी पाच तारांवर लढाई चालू ठेविली. माणिकबाईंनी भाच्याच्या लग्नाची साडी पिशवीतून काढून निशाणासारखी फडकाविली, त्यासरशी दीडशे साड्या फडकल्या. सासवांनी सुनांचे हात धरिले, विहिणींनी विहिणींस फेर घातला. नीलमबाई मंचावरून उडी टाकून मायेच्या गळ्यात पडल्या, माईकसुद्धा, आणि सुंदराबाईंचा हुंदका सर्व भोंग्यांतून अकोल्याने ऐकला. किशोरराव खांद्यावर कॅमेरा घेऊन मधोमध उभे, डोळ्यांतून धारा, पण हात स्थिर. गुलाबपाकळ्या घालाव्यात हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. अखेरचा ठोका पडला आणि व्हिडीओ आरंभापासून अंतापर्यंत एकसंध, बिनजोड, सिद्ध जाहला.

यानंतरही दहाबारा बाया सुंदराबाईंस घेरून बसल्या की, बोर्डावर ब्लाऊज लिहिले आहे तर मापे घेऊनच जावे. बाईंनी पर्समधून टेप काढिला आणि माणिकबाईंस बजाविले, "श्वास सोड पयले." इकडे शिवमरावांस गाडी धरायची होती. त्यांस निरोप देण्यास बाया निघाल्या, आणि फलाटावर पुन्हा एकदा "सोमवार कोणता वं" जाहले, त्यात तिकीट तपासनीसही सामील जाहला, त्याच्याही सदऱ्याची काही तक्रार होती. त्या रात्रीच व्हिडीओ डोंगरमुलखी रवाना केला.

पुढे दरबाराचे उत्तर आले. त्यात लिहिले होते की, आम्हांस शब्द एकही कळला नाही आणि भांडण सगळे कळले. सरकी बँडास मंचावर मान दिला आहे. मात्र तिसऱ्या रांगेतील थोर गायिका, ज्या अखेरीस चष्मा पुसून गातात, त्यांस सोबत आणावे, त्यांवाचून येऊ नये. नीलमबाईंनी हे मातोश्रींस वाचून दाखविले. सुंदराबाईंनी यंत्र थांबविले नाही, पण सुई भलतीकडेच चालली आणि एका गिऱ्हाइकाची बाही गळ्यास जोडली गेली. मग हुकूम जाहला: "क्लासचं राहू दे सध्या. पण मी गाले नाई येऊन राहिली, सांगून ठेवते. मी भांडाले येऊन राहिली."

शिवमरावांनी नव्या नोकरीतून पहिली रजा घेतली. फौज बडनेऱ्याहून निघाली. निरोपास माणिकबाई अकोल्याहून जातीने आल्या, अंगात नवा ब्लाऊज, बाह्या कोपरापर्यंत.

येणेप्रमाणे वऱ्हाड प्रांती ब्लूजचा अंमल बसला. मोहिमा तीन, त्यांत हार दोन आणि फत्ते एक. जखमी कोणी नाही. गिटारीची एक तार कामी आली, तिची येथे सन्मानाने नोंद केली. गाडी हलली तेव्हा मायलेकी खिडकीच्या जागेवरून भांडत होत्या, आणि नागसेनजींचा निर्वाळा ऐसा की, दोघीही सुरात होत्या.